पक्षी आणि फुलांची जुनी छापील चित्रे : कोल्हापूरच्या हवेत सांभाळताना या चुका टाळा

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेले एखाद्या दूरदेशीच्या पक्ष्याचे किंवा फुलाचे चित्र हाती आले, की ते लगेच पुसून, चिकटवून, काच लावून दिवाणखान्यात टांगावे असे वाटते. गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातल्या घरांतून खराब झालेली जी चित्रे माझ्या पाहण्यात आली, त्यांतली बहुतेक दुर्लक्षामुळे नव्हे, तर याच उत्साहापायी खराब झाली होती. असे चित्र म्हणजे कागद, शाई, जलरंग आणि डिंक यांचा मेळ असतो, आणि पाणी लागले की यांतला प्रत्येक पदार्थ वेगळ्या रीतीने बिघडतो. म्हणून चित्र कसे तयार झाले आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

ते ओळखतानाच पहिली चूक होते. ताम्रपत्रावर कोरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची एक खोलगट चौकट कागदात उमटते. पक्षीचित्रकार ऑड्यूबनच्या अमेरिकन पक्ष्यांच्या संचातील 435 चित्रे 1827 ते 1838 या काळात याच पद्धतीने छापून हाताने रंगवली गेली. अशी दाबाची खूण दिसली नाही म्हणजे चित्र नकली, असा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. इंग्लिश पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने 1831-32 मध्ये प्रसिद्ध केलेली हिमालयातील पक्ष्यांची चित्रे शिळाछाप आहेत. त्यांची रेखाटने त्याची पत्नी एलिझाबेथ हिने दगडावर केली, आणि दगडावरून छापताना अशी चौकट उमटतच नाही. उलट बाजूने, हाताने रंगवलेले नाही म्हणून ते जुने नाही, हेही खरे नव्हे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलच्या 1899 ते 1904 या काळातील, सजीवांच्या रूपांच्या शंभर चित्रांत जिथे रंग आहे, तिथे तो छापूनच आलेला आहे.

गुजरीतल्या सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग यासाठी पुरते. आजच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके एका ठरावीक जाळीत, फुलासारख्या गोल नक्षीत बसलेले दिसतात. हाताने लावलेल्या रंगात असे ठिपके नसतात. तो पिसांच्या रेषेच्या किंचित बाहेर गेलेला असतो आणि जिथे कुंचला थांबला असेल, तिथे कडेला थोडा गडद होऊन साचलेला असतो. कागद पिवळा आहे एवढ्यावरून मात्र वय ठरवू नये, कारण चहाच्या पाण्यात बुडवून कोणताही कागद तासाभरात तसा करता येतो.

पक्ष्याची शरीररचना चुकीची दिसली म्हणूनही चित्र बाजूला टाकू नये. न्यू गिनीतील नंदनपक्ष्यांची (बर्ड ऑफ पॅरडाइज) कातडी व्यापाऱ्यांकडून युरोपात येत, ती पाय काढलेली असत, आणि त्यावरून या पक्ष्यांना पायच नसतात, ते सदैव हवेतच राहतात, अशी समजूत रूढ झाली होती. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्यांतल्या एका जातीला दिलेल्या नावाचा अर्थही ‘पाय नसलेला’ असाच आहे. पेंढा भरलेल्या कातडीवरून काढलेल्या चित्रातला ताठ, लाकडी पवित्रा हा त्या काळाच्या ज्ञानाचा पुरावा असतो, आणि मला तरी तो फार मोलाचा वाटतो.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. माझ्याकडच्या एका पोपटाच्या शिळाछाप चित्रात डोळ्यावर आणि चोचीच्या कण्यावर एक चकचकीत थर होता. कागद तिरपा धरला की तो उजेडात लखलखायचा. कोणाच्या तरी हातचा तेलकट डाग समजून मी ओलसर कापसाने तो हलकेच टिपला. कापसावर जरासा काळसर पिवळा रंग आला आणि पोपटाचा डोळा कायमचा विझला. तो डाग नव्हता; रंगावर मुद्दाम दिलेला बाभळीच्या जातीच्या डिंकाचा हात होता. बुबुळाला ओलावा आणि पिसांना तकाकी यावी म्हणून रंगवणारे असा डिंक लावत असत, आणि तो पाण्यात सहज विरघळतो. गूल्डच्या 1849 ते 1861 दरम्यानच्या हमिंगबर्डच्या चित्रांत तर चकाकीसाठी सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग दिलेला आहे. म्हणून हाताने रंगवलेल्या चित्राला पाणी, थुंकी, ओले फडके, खोडरबर यांपैकी काहीही लावू नये. धूळ झटकायची असल्यास मऊ, कोरड्या कुंचल्याने आणि तीही फक्त कोऱ्या समासावरची झटकावी.

या समासाचीही फार आबाळ होते. तयार चौकटीत बसत नाही म्हणून तो कापला जातो, आणि त्याबरोबर चित्रकाराचे व छापणाऱ्याचे नाव, पृष्ठाचा क्रमांक, कधी जलचिन्हाचा (कागद उजेडात धरल्यावर दिसणाऱ्या खुणेचा) तुकडाही जातो. जुने नाव बदलले म्हणून नवे नाव पेनने चित्रावर लिहिणे हीदेखील तशीच चूक आहे. आपल्या रस्त्यांवरचा गुलमोहर मूळचा मादागास्करचा. 1829 मध्ये कर्टिसच्या वनस्पतीविषयक मासिकात त्याचे चित्र आले, तेव्हा त्याचे नाव पॉइन्सियाना रेजिया होते. आज आपण त्याला डेलोनिक्स रेजिया म्हणतो, पण ही नोंद वेगळ्या कागदावर पेन्सिलीने करून चित्रासोबत ठेवावी.

चौकट करून घेताना सर्वांत जास्त नुकसान होते, आणि त्याचे मूळ आपल्या पावसाळ्यात आहे. चित्र थेट काचेला टेकवले, तर जून ते सप्टेंबर या काळात काचेच्या आतल्या बाजूने दमटपणा धरतो, डिंक मऊ होतो आणि रंग काचेला चिकटतो. पुढे काच काढली की पीस काचेवर आणि पांढरा कागद हातात अशी अवस्था होते. त्यामुळे दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, आम्लविरहित माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, काच आणि चित्राच्या मध्ये हवाच. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड थेट लावू नये, कारण त्यातून निघणारे आम्ल कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करते. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांना तर ठाम नकार द्यावा. लॅमिनेशन केलेले चित्र पुन्हा मोकळे करणे जवळजवळ अशक्य असते. चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, शुद्ध गव्हाच्या सत्त्वाच्या ताज्या खळीने लटकवावे. बांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, ती इथे चालत नाही, कारण तांब्याचा तो क्षार कागद कुजवतो. खळ अगदी थोडी लावावी, नाहीतर कसर तीच खायला येते.

टांगण्यासाठी पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत टाळून घरातली मधली भिंत निवडावी आणि चौकटीच्या मागे, खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. हवेतील आर्द्रता बराच काळ 65 टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशीला अनुकूल हवा तयार होते. उसाच्या पानावरच्या तांबेऱ्यासारखे तांबूस ठिपके कागदावर दिसू लागले, तर ते घासू नयेत, ब्लीच तर मुळीच लावू नये. चित्र कोरड्या खोलीत हलवावे आणि जाणकार संवर्धकाला दाखवावे. ऊन थेट पडू देऊ नये. पिवळा आणि निळा मिसळून केलेल्या हिरव्यातला पिवळा आधी उडतो, आणि म्हणूनच काही जुन्या चित्रांतली पाने आज निळसर दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या काही झगझगीत हिरव्या रंगांत सोमलाचे (आर्सेनिकचे) विषारी संयुग असते, तेव्हा असे चित्र हाताळल्यावर हात धुवावेत.

राहिला पुराचा प्रश्न. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तिथल्या तळमजल्यावरच्या कपाटांत असे कागद ठेवणे ही टाळता येण्यासारखी चूक आहे. तरीही चित्र भिजलेच, तर ते उन्हात घालू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. दोन दिवसांत बुरशी धरू शकते, आणि पुरात वीज जाते म्हणून भिजलेला कागद गोठवून ठेवायला फ्रीजरवर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी एकेक चित्र रंगाची बाजू वर करून कोऱ्या टीपकागदावर पसरावे, रंगावर काहीही टेकवू नये, खिडक्या उघड्या ठेवून वाऱ्याचा झोत मात्र थेट कागदावर येऊ देऊ नये, आणि खालचा टीपकागद ओला झाला की, रात्रीसुद्धा उठून, बदलत राहावा.