तिरका फोर्स असला की आधी नॉर्मल काढा, फ्रिक्शन मागाहून

अकरावीत या टाइपची गणितं मी हमखास चुकवायचो आणि चूक दर वेळी तीच, फ्रिक्शन (घर्षण) शब्द दिसला की म्यू (घर्षणाचा गुणांक) गुणिले एमजी (वजन, म्हणजे मास गुणिले जी) लिहून मोकळा. आता डिचोलीत शेजारची पोरं संध्याकाळी वही घेऊन येतात, तीही अगदी हेच करतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

गणित असं घेऊ. मासळीचा क्रेट, बर्फासकट २० किलो, जेटीच्या काँक्रीटवर. तुम्ही दोरी बांधून १०० न्यूटनने ओढताय, पण तुम्ही उभे आणि क्रेट खाली, त्यामुळे दोरी आडवी नाही, जमिनीशी ३० अंशांचा कोन करून वर येते. स्टॅटिक म्यू (क्रेट थांबलेला असतानाचा) ०.४, कायनेटिक म्यू (घसरत असतानाचा) ०.३, आणि जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० धरू, आकडे सुटसुटीत राहतात.

आधी चित्र काढा, आळस नको. क्रेटच्या जागी एक ठिपका आणि त्याला चार बाण: वजन खाली, नॉर्मल (जमीन क्रेटला उलट ढकलते तो फोर्स) वर, दोरी तिरकी, फ्रिक्शन मागे. काही जण एमए (मास गुणिले त्वरण) नावाचा पाचवा बाण काढतात, तो खोडा, एमए हा वेगळा फोर्स नव्हे, या चारांची बेरीज आहे ती.

मग दोरीचे दोन तुकडे. पुढे १०० कॉस ३० म्हणजे ८६.६, वर १०० साइन ३० म्हणजे ५०. (इथे साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, डोकं खाजवत बसू नका.)

आता खरी मेख. क्रेट हवेत उडत नाही की काँक्रीटमध्ये रुतत नाही, म्हणजे वरचं आणि खालचं समसमान हवं. खाली वजन २००, वर नॉर्मल आणि दोरीचे ५०, म्हणून नॉर्मल १५०. दोनशे नाही! दोरीने क्रेटचं थोडं ओझं उचललंय, तेवढं जमिनीवर कमी पडतं.

फ्रिक्शन आता कुठे. जास्तीत जास्त स्टॅटिक ०.४ गुणिले १५०, म्हणजे ६०. आपण ८६.६ लावतोय, क्रेट हलणार, आणि हलला की कायनेटिक धरायचं, ०.३ गुणिले १५० म्हणजे ४५. उरले ४१.६, त्याला २० ने भागलं की त्वरण २.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता तोच क्रेट मागून ढकला, तेच १०० न्यूटन, तेच ३० अंश, फक्त जोर खालच्या दिशेने. पुढचा तुकडा ८६.६ च राहतो पण ते ५० आता वजनाच्या बाजूने गेले, नॉर्मल २५० झाला, स्टॅटिकची मर्यादा १००, आणि ८६.६ काही १०० ला पुरत नाही. क्रेट ढिम्म. अशा वेळी फ्रिक्शन किती असं विचारलं तर नव्वद टक्के पोरं १०० लिहितात, आणि ते चूक आहे, कारण १०० ही त्याची ताकद आहे, लागलंय फक्त ८६.६. जेवढं ढकलाल तेवढंच ते परत ढकलतं, मर्यादा संपेपर्यंत.

क्रेटची लांबी-रुंदी दिली असेल तर ती बहुतेक चकवायला दिलेली असते, कारण खाली किती जागा टेकते यावर असल्या गणितात फ्रिक्शन ठरत नाही. आमाँताँ नावाच्या फ्रेंच माणसाने हे १६९९ मध्येच मांडलं होतं.

राहिला उतार. चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प डोळ्यांसमोर आणा, त्यावर क्रेट. इथे वजनाचे तुकडे पाडायचे, एक रॅम्पच्या दिशेने, एक रॅम्पमध्ये दाबणारा, आणि साइन कुठला, कॉस कुठला यात सगळे गोंधळतात. मी पाठ करत नाही, कोन शून्य करून बघतो. रॅम्प सपाट झाला तर घसरवणारा फोर्स शून्य हवा, साइन शून्य म्हणजे शून्य, म्हणून घसरवणारा एमजी साइन आणि दाबणारा एमजी कॉस. दोरी नसेल तर नॉर्मल म्हणजे तोच एमजी कॉस. क्रेट घसरतो कधी, तर टॅन थीटा (थीटा म्हणजे रॅम्पचा कोन) स्टॅटिक म्यूपेक्षा मोठा झाला की, ०.४ साठी साधारण २२ अंशांना, आणि यात मास कटून जातं, त्यामुळे क्रेट भरलेला असो वा रिकामा, कोन तोच.