घरच्या घरी आंब्याचे कोय कलम

हापूस खाऊन त्याचा बाठा परसात पुरला, तर उगवलेल्या झाडाला हापूसच लागेल याची खात्री देता येत नाही, कारण त्या बाठ्यातून उगवणाऱ्या रोपात परागकण देणाऱ्या दुसऱ्या झाडाचेही गुण उतरलेले असतात. शिवाय असे झाड फळावर यायला आठ-दहा वर्षे घेते, तर कलमाचे झाड चार-पाच वर्षांत चांगले फळ देऊ लागते. पूर्वी कोकणात भेट कलम बांधत, आणि त्यासाठी कुंडीतले रोप मांडवावर चढवून मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यावे लागे. कोय कलमाला, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर हव्या त्या झाडाची काडी बसवण्याला, हा खटाटोप लागत नाही. धारदार चाकू, प्लॅस्टिकची पट्टी आणि पावसाळी हवा एवढ्यावर ते घरीही साधते.

कलम फसले की बहुतेक जण आपल्या हाताला दोष देतात. माझ्या मते मात्र कलमाचे यश निम्म्याहून अधिक डोळकाडीवर, म्हणजे हव्या त्या झाडाच्या कलमासाठी कापलेल्या काडीवर, ठरते, आणि तिची तयारी चाकू हातात घेण्याच्या आठ-दहा दिवस आधी सुरू होते. ज्या झाडाची फळे आपण स्वतः चाखली आहेत आणि जे दरवर्षी बऱ्यापैकी धरते, त्या झाडाची उन्हातली, शेंड्याकडची, तीन-चार महिने वयाची फांदी निवडावी. फांदी पेन्सिलीएवढी जाड व गोलसर असावी आणि तिच्या टोकाचा डोळा फुगलेला, पण न फुटलेला असावा. निवडलेल्या फांदीची पाने देठाचा थोडा भाग ठेवून झाडावरच छाटावीत. आठवड्याभरात ते देठ पिवळे पडून बोट लावताच गळू लागतात आणि टोकाचा डोळा टपोरा होतो. काडी कापण्याची हीच खरी वेळ आहे. डोळा फुटून कोवळी पालवी बाहेर आली असेल, तर ती काडी सोडून दुसरी घ्यावी.

खुंटासाठी, म्हणजे ज्यावर डोळकाडी बसवायची त्या रोपासाठी, रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी वापराव्यात. कोय महिनाभर पडून राहिली तर तिची उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून जून-जुलैमध्ये फळ खाल्ल्यावर ती धुऊन लगेच रुजत घालावी. पाण्यात तरंगणाऱ्या कोयी टाकून द्याव्यात. लाल माती आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत लावलेली कोय उगवून रोप दहा-पंधरा दिवसांचे झाले, त्याची पाने तांबूस आणि खोड लुसलुशीत असले, की ते कलमासाठी तयार समजावे. पाने हिरवी होऊन खोड कडक झाले, तर या पद्धतीला उशीर झाला असे समजावे. रोपाची कोय कधीही तोडू नये, कारण या वयात रोप तिच्यातल्या अन्नावरच जगत असते आणि कलमाची जखमही त्याच शिदोरीवर भरून येते.

जुलै ते सप्टेंबर हा काळ हवेतल्या ओलाव्यामुळे सर्वांत अनुकूल असतो. डोळकाडी दहा-पंधरा सेंटिमीटर लांब ठेवावी. रोपाचा शेंडा कोयीपासून सुमारे आठ सेंटिमीटरवर आडवा कापावा आणि खोडाच्या मधोमध चार-पाच सेंटिमीटर खोल उभी चीर द्यावी. डोळकाडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरके काप घेऊन पाचर करावी. प्रत्येक काप एकाच ओढीत, सपाट आला पाहिजे. चाकू दोन-तीनदा फिरवला तर कापावर लाटा उमटतात, मध्ये पोकळी राहते आणि तेथेच बुरशी शिरते. पाचर चिरेत बसवताना सालीलगतचा हिरवा थर हिरव्या थराला भिडणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण नव्या पेशी तेथेच तयार होतात. काडी आणि खुंट यांची जाडी वेगळी असेल, तर पाचर मध्यभागी न बसवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूची साल सालीला मिळते. काप घेतल्यापासून बांधेपर्यंत मिनिटभराहून अधिक वेळ जाऊ देऊ नये आणि कापलेल्या भागाला बोट लावू नये.

दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या पातळ प्लॅस्टिक पट्टीने जोड खालून वर घट्ट गुंडाळावा, म्हणजे पावसाचे पाणी आत झिरपत नाही. त्यावर बर्फाच्या पेप्सीकोल्याची असते तशी लांब अरुंद पिशवी टोपीसारखी घालून खालून सैलसर बांधावी आणि रोप सावलीत ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. तो फुटताच पिशवी काढावी, नाहीतर कोवळी पालवी आत कुजते. जोडाच्या खाली येणारे फुटवे दिसतील तेव्हा खुडून टाकावेत, कारण ते वाढले तर रायवळच वाढते आणि हापूसची काडी उपाशी राहते. जोड पक्का झाल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, पट्टी ब्लेडने उभी कापून काढावी. ती तशीच राहिली तर खोडाला काच पडतो आणि पुढे वाऱ्याच्या एका झोतात झाड त्या जागी मोडते.

ज्यांच्याकडे आंब्याला जागा नाही, त्यांनी हिवाळ्यात गुलाबाचा डोळा भरून पाहावा. येथे काडीऐवजी एकच डोळा, ढालीच्या आकाराच्या सालीसह, खुंटावर घेतलेल्या इंग्रजी टी आकाराच्या चिरेत सरकवायचा असतो. खुंटाची साल सहज सुटत असेल तेव्हाच हे काम करावे आणि ती चिकटून बसत असेल तर आदल्या दिवशी रोपाला भरपूर पाणी द्यावे. पट्टी बांधताना डोळा उघडा ठेवावा. दोन-तीन आठवड्यांनी तो हिरवा दिसला तर तो जगला आहे असे समजून खुंटाचा वरचा भाग डोळ्याच्या थोडा वर छाटावा. काळा पडला असेल, तर त्याच खुंटावर दुसऱ्या बाजूने नवा डोळा भरता येतो.