सुशी-साशिमी खाताना या चुका टाळा: आधी भाताकडे बघा

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत आधी सोडा. सुशी म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि साखर घालून मुरवलेला भात. वर मासा असेल, अंडं असेल, नाहीतर आत नुसती काकडी. भाताशिवाय माशाचे काप समोर आले तर ती साशिमी. बहुतेक चुका होतात त्या भाताला दुय्यम समजल्यामुळे.

टोकियोत पहिल्यांदा सुशीच्या काउंटरवर बसले, तेव्हा मी बशी सोय सॉसने काठोकाठ भरली आणि निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, भाताच्या बाजूने त्यात बुडवली. ती उचलेपर्यंत भात फुटला आणि काळ्या सॉसमध्ये शितं तरंगायला लागली. समोरचे शेफ काही बोलले नाहीत. पुढची निगिरी मात्र त्यांनी ब्रशने सॉस लावूनच माझ्यापुढे ठेवली. ती खाल्ली आणि भाताला स्वतःची चव असते हे तेव्हा कळलं. किंचित आंबट, कोमट, शीतन् शीत मोकळं.

निगिरीचा भात मुद्दाम हलक्या हाताने वळतात. तोंडात गेल्यावर तो आपोआप सुटावा म्हणून शितांमध्ये थोडी हवा ठेवलेली असते. त्यामुळे तो सॉस भराभर पितो, खारट होतो आणि विस्कटतो. म्हणून निगिरी आधी आडवी करा, अंगठा आणि दोन बोटांनी हलकेच धरा आणि फक्त माशाचं टोक सॉसला टेकवा. हाताने खायला अजिबात संकोच करू नका. १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई यांच्यासारख्या विक्रेत्यांनी निगिरी लोकप्रिय केली, तेव्हा ती गाड्यांवर उभ्याने खायची गोष्ट होती. समुद्री शेवाळाच्या पट्टीत बसवलेली गुंकान उलटी करता येत नाही. तिथे सुशीसोबत मिळणाऱ्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या आल्याची चकती सॉसमध्ये बुडवून तिनेच वरून सॉस लावा. एरवी ते आलं दोन घासांच्या मध्ये जीभ स्वच्छ करायला असतं, सुशीवर ठेवायला नाही. आणि शेफनी सॉस लावून दिला असेल, तर बशीकडे वळूच नका.

वासाबी, म्हणजे किसून केलेला झणझणीत हिरवा लगदा, सॉसमध्ये कालवून हिरवट चिखल करणारे जपानमध्येही आहेत, पण त्यात तिचा सुगंध हरवतो. ताजी किसलेली वासाबी असेल तर काही मिनिटांतच तिचा वास उडायला लागतो. साशिमीच्या कापावर चिमूटभर ठेवा, काप दुमडा आणि दुसरी बाजू सॉसला लावा. निगिरीत ती बहुधा मासा आणि भात यांच्या मध्ये आधीच असते.

आपल्याकडे कल्ले लालभडक दिसले की मासा चांगला. कालवणासाठी ते बरोबरच आहे. साशिमीला मात्र ‘जितका ताजा तितका उत्तम’ हा नियम दरवेळी लागू होत नाही. ट्यूना मोठा असेल तर तो थंडीत काही दिवस ठेवतात. तेवढ्यात मांस मऊ होतं आणि चव खोल होते. एदोच्या पद्धतीत तर मासा सॉसमध्ये मुरवणं, मीठ-व्हिनेगर लावणं, कोंबू शेवाळात गुंडाळून ठेवणं हेच खरं कसब.

यावरून एका धोक्याबद्दल कळकळीने सांगते. बाजारातून आणलेला मासा घरी कच्चा खाऊ नका. तो शिजवण्यासाठीच विकलेला असतो. समुद्री माशांत अनिसाकिस नावाची अळी असू शकते आणि ती व्हिनेगरने, मिठाने किंवा वासाबीने मरत नाही. जपानचं आरोग्य मंत्रालय उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवायला सांगतं. घरच्या फ्रीझरच्या भरवशावर हे करू नका. रोहू-कटल्यासारखे गोड्या पाण्यातले मासे तर कच्चे नकोतच. जपानमध्येही पूर्वी रानटी सॅमन सहसा कच्चा खात नसत. नॉर्वेने १९८०च्या दशकात आपला पाळलेला सॅमन तिथे नेला, त्यानंतर सॅमनची सुशी रुळली.

घरी आणलेली सुशी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की भात कडक होतो. हवी तेवढीच आणा आणि त्याच जेवणात संपवा.

शाकाहारी मंडळींची चूक वेगळीच असते. मासा दिसत नाही म्हणून ते निर्धास्त होतात. पण गोडसर ऑम्लेट, तळलेल्या तोफूची इनारी आणि कानप्यो या सगळ्यांत बहुतेकदा दाशी असते, म्हणजे अनेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. कानप्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, त्यामुळे फसायला होतं. काकडीची काप्पामाकी त्यातल्या त्यात सोपी. बाकी काहीही मागवण्याआधी विचारा: “दाशी वा हाइत्ते इमास का?” दाशी आहे का यात?