गिटार प्रोसेसरवर मॉड्युलेशन कसं लावावं: कोरस, फेजर, ट्रेमोलो आणि मंडळी

बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारात गणपतीची आरती सुरू झाली की पंधरावीस माणसं एकच चाल म्हणत असतात आणि त्यातली दोघंही नेमक्या एका सुरात नसतात. कुणी केसभर वर, कुणी केसभर खाली, एखादे काका अर्धी मात्रा मागून येतात. तरी आवाज कसा भरदार लागतो! खरं तर त्या फरकामुळेच लागतो. एकट्याने कितीही घसा ताणला तरी ते होत नाही. प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा डबा, त्यातला कोरस हेच करतो: तुमच्या एका गिटारच्या मागे किंचित बेसूर, किंचित उशिरा वाजणारी दुसरी गिटार उभी करतो.

आवाज असा सतत हलता ठेवण्याला मॉड्युलेशन म्हणतात. कोरसचं हे भावंडांचं कुटुंब, म्हणजे फेजर, फ्लँजर, ट्रेमोलो, व्हायब्रॅटो, रोटरी, प्रोसेसरवर ‘मॉड’ किंवा ‘एफएक्स’ नावाच्या बटणामागे राहतं. नवीन प्रोसेसर घेतला की सगळे पहिल्या दिवशी तिथेच जाऊन खेळतात. आठवडाभराने कंटाळून बंद करतात, कारण हेडफोनवर स्वर्गीय वाटलेला आवाज बँडमध्ये चिखल होतो. तो होऊ नये म्हणून मी ज्या क्रमाने काम करतो, तो क्रम सांगतो.

आधी पॅच कोरा करा

पॅच म्हणजे साठवून ठेवलेलं एक सेटिंग. कंपनीने भरून दिलेले पॅच दुकानात गिऱ्हाईक पटवण्यासाठी असतात. त्यात सगळंच चालू असतं. एक रिकामा पॅच घ्या, त्यात फक्त एक क्लीन अँप आणि कॅबिनेट ठेवा. बाकीचे इफेक्ट, म्हणजे रिव्हर्ब, डिले, कंप्रेसर, बंद. मग एक मॉड ब्लॉक, म्हणजे एक इफेक्ट, लावा. एकच.

लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारा) असेल आणि त्याची जागा इफेक्टांच्या साखळीच्या सुरुवातीला नेता येत असेल तर चार मात्रांचा एक तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवा. थोडे मोकळे कॉर्ड, थोडी एकेरी तान. हात मोकळे राहतात आणि नॉब फिरवताना कान शाबूत राहतो. लूपर शेवटीच अडकलेला असेल तर हा उपाय चालत नाही, कारण तो इफेक्टसकट रेकॉर्ड करतो. मग एका हाताने कॉर्ड आणि दुसऱ्याने नॉब, आपली जुनी कसरत.

रेट आणि डेप्थ: झोपाळ्याचं गणित

बडोद्यात घर मराठी असो की गुजराती, झोपाळा असतोच. त्यावर बसून हे समजून घ्या. प्रत्येक मॉड्युलेशनच्या पोटात एक मंद लहर झुलत असते, तिला एलएफओ म्हणतात. ती स्वतः ऐकू येत नाही, ती फक्त कशाला तरी हलवते. कोरस आणि फ्लँजरमध्ये छोट्याशा विलंबाला, फेजरमध्ये फिल्टरांना, ट्रेमोलोमध्ये आवाजाच्या पातळीला. झोपाळा किती भरभर हलतो तो रेट. किती लांब जातो ती डेप्थ.

लांब झोका हळू असेल तर बसणाऱ्याला सुख लागतं. आखूड झोका थोडा भरभर चालतो. पण लांबही आणि भरभरही झाला की पोटात कालवतं. गिटारचंही तसंच: रेट वाढवलात की डेप्थ कमी करा, डेप्थ वाढवलीत की रेट उतरवा. हे एवढं हाताला लागलं तर निम्मं काम झालं.

रेट हर्ट्झमध्ये दाखवत असेल तर १ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक झोका. तुमच्या प्रोसेसरवर नुसतेच ० ते १०० आकडे असतील तर घड्याळ समोर ठेवून दहा सेकंदांत किती झोके झाले ते मोजा. पाच झाले तर तो अर्धा हर्ट्झ. हे आकडे एकदा कागदावर लिहून ठेवले की पुढे कुठलंही सेटिंग आपल्या मशीनवर उतरवता येतं.

कोरस

सुरुवात इथूनच करा. आत साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांचा विलंब असतो आणि तो कमीजास्त होत राहतो. विलंब वाढत असताना त्या प्रतीचा सूर किंचित उतरतो, घटत असताना चढतो. ती मूळ आवाजात मिसळली की दोन गिटार वाजल्याचा भास होतो. सूरसागर तलावाजवळच्या संगीत महाविद्यालयावरून जाताना दोन तानपुरे एकत्र छेडलेले ऐकले असतील, किंवा घरच्या पेटीत दोन सुरांचे संच एकदम लावले असतील, तर ही थरथर तुमच्या ओळखीची आहे.

रेट अर्धा ते एक हर्ट्झ, डेप्थ तीसच्या आसपास, मिक्स (मूळ आवाजात इफेक्ट किती मिसळायचा ते) चाळीस. आता मोकळे कॉर्ड वाजवा आणि मिक्स हळूहळू कमी करत जा. इफेक्ट चालू असल्याचं कळेनासं झालं की थांबा आणि तो बंद करून बघा. आवाज एकदम कोरडा, एकाकी वाटला तर सेटिंग बरोबर आहे. माझ्या मते कोरसची हीच कसोटी: चालू असताना कळू नये, बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं.

मिक्स पूर्ण शंभरावर नेलात तर मूळ आवाज नाहीसा होतो, नुसता हलता सूर उरतो आणि कोरसचा व्हायब्रॅटो होतो. एकेरी तानेला गंमत येते. पण हार्मोनियम किंवा कीबोर्ड सोबतीला असेल तर जपून, पेटीवाला तुमच्याकडे वळून बघतोच.

ज्यांना जुना ऐंशीच्या दशकातला चकचकीत आवाज हवा असतो त्यांनी प्रोसेसरमध्ये ‘सीई’ किंवा ‘जेसी’ अशी नावं शोधावीत. रोलंडचा जेसी-१२० हा अँप १९७५चा. त्यातलंच कोरस सर्किट पुढच्या वर्षी बॉसच्या सीई-१ या पेडलमध्ये आलं. बहुतेक कंपन्यांच्या कोरसचा नमुना या घराण्यातला असतो.

फेजर, आणि त्याचा चुलतभाऊ

फेजरमध्ये कोरससारखा विलंब नसतो. आवाजाची एक प्रत घेऊन तिच्या लहरी मागेपुढे सरकवतात आणि मुळात परत मिसळतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना खाऊन टाकतात, आवाजात खड्डे पडतात आणि ते खड्डे वरखाली फिरत राहतात. लहरी सरकवणाऱ्या टप्प्यांना स्टेज म्हणतात. चार स्टेजचा फेजर असेल तर दोन खड्डे, आठचा असेल तर चार. स्टेज निवडायला मिळाल्या तर चारवर ठेवा. एमएक्सआर कंपनीचा १९७४ सालचा फेज ९० चार स्टेजचाच होता आणि त्याला नॉब एकच, स्पीडचा. एकच नॉब असूनही ते पेडल आजवर टिकलंय, यातून काय घ्यायचं ते घ्या.

तुटक रिदम वाजवताना फेजर हळू, म्हणजे तीन-चार सेकंदांना एक फेरा, असा ठेवला की प्रत्येक फटका थोडा वेगळ्या रंगाचा येतो. हात तोच, पण ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही.

‘व्हाइब’ नावाचा इफेक्ट दिसला तर तोही याच गोत्रातला. जपानी अभियंता फुमिओ मिएदा यांनी एका उघडमीट करणाऱ्या बल्बभोवती चार प्रकाशसंवेदी सेल बसवून तो केला. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६९मध्ये वुडस्टॉक महोत्सवात वाजवला तो हाच.

फ्लँजर: मिठासारखा

विलंब अगदी छोटा, १ ते १० मिलिसेकंद, आणि वर फीडबॅक, म्हणजे निघालेला आवाज परत आत सोडणं. त्यामुळे डोक्यावरून विमान गेल्याचा आवाज. गाण्यात एकदा, एखाद्या वळणावर वापरा. फीडबॅक पन्नासच्या खाली ठेवा, नाहीतर गिटार पत्र्याच्या पिंपात पडल्यासारखी वाजते.

ट्रेमोलो आणि गरब्याची लय

ट्रेमोलोत सूर हलत नाही, फक्त आवाज लहानमोठा होतो. इथे नावांचा घोळ आहे आणि तो फेंडर कंपनीनेच घातलाय: १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या दांडीला त्यांनी ट्रेमोलो म्हटलं, ती खरं तर सूर हलवते, आणि अँपवरच्या ‘व्हायब्रॅटो’ चॅनलमध्ये निघतो तो ट्रेमोलो. नावावर जाऊ नका, कानावर जा.

ट्रेमोलो लयीत नसेल तर ढोलाशी भांडतो. म्हणून टॅप टेम्पो चालू करा आणि फूटस्विचवर पायाने लय द्या. हिशेब सोपा: गाण्याची गती १२० असेल तर भागिले ६०, म्हणजे सेकंदाला दोन ठोके, म्हणून रेट २ हर्ट्झ.

पण नवरात्रात हींच हा गरब्याचा ताल वाजतो, सहा मात्रांचा. तिथे हा हिशेब फसतो, कारण प्रत्येक मोठ्या ठोक्याच्या पोटात तीन छोट्या मात्रा असतात. सहाही मात्रांवर पाय मारायला जाऊ नका, दुसऱ्याच गाण्यापर्यंत पाय दमेल. ढोलाच्या फक्त मोठ्या ठोक्यावर टॅप करा आणि विभागणी ट्रिप्लेट निवडा. ठोका १२०चा असेल तर ट्रेमोलो सेकंदाला सहा वेळा थरथरेल आणि बरोबर ढोलाच्या आत बसेल. लहरीचा आकार निवडता येत असेल तर गोल ठेवा. चौकोनी लहर आवाज कापून टाकते, ते क्वचितच शोभतं.

ट्रेमोलो लावला की गिटार बारीक वाटते, कारण निम्मा वेळ ती खाली असते. पॅचची लेव्हल थोडी चढवा.

रोटरी थोडक्यात: डॉन लेस्ली यांच्या फिरत्या स्पीकरची ही नक्कल. हळू आणि जलद असे दोन वेग असतात. मजा वेग बदलताना, त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत आहे. म्हणून तो बदल फूटस्विचला जोडा.

साखळीत कुठे ठेवायचं

ढोबळ नियम असा: फेजर आणि व्हाइब ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टच्या) आधी; कोरस, फ्लँजर, रोटरी त्यानंतर; ट्रेमोलो डिलेच्याही नंतर, पण रिव्हर्बच्या आधी. आधी ठेवलेला इफेक्ट ड्राइव्हमध्ये भाजून निघतो, जाड आणि ओबडधोबड होतो. नंतर ठेवलेला स्वच्छ, पसरट ऐकू येतो. बॉसच्या जीटी-१ सारख्या प्रोसेसरमध्ये एफएक्स १ आणि एफएक्स २ असे दोन वेगळे ब्लॉक असतात ते याचसाठी. नियम मोडून कोरस ड्राइव्हच्या आधी ठेवून बघाच एकदा. कधीकधी तो गढूळपणाच हवा असतो.

मैदानावर नेण्याआधी: मोनो तपासा

हे मी फटका खाऊन शिकलो. घरी हेडफोनवर सुंदर ऑटो-पॅन लावला होता, आवाज डावीकडून उजवीकडे तरंगत जायचा. गरब्याच्या मैदानावर साउंडवाल्याने प्रोसेसरच्या दोन वायरींपैकी डावीच मिक्सरला लावली. पहिल्याच गाण्यात गिटार दर दोन सेकंदांनी गायब. मिक्सरवरून तो ओरडतोय, “भाई, गिटार क्यां गयुं?” आणि मी स्टेजवर वायर हलवून बघतोय.

मैदानावरची ध्वनियोजना बहुतेक वेळा मोनो, म्हणजे डावं-उजवं नसलेली, असते. शिवाय काही स्टीरिओ कोरस असे असतात की दोन्ही बाजू एकत्र केल्या की त्या एकमेकींना काटतात आणि कोरसच नाहीसा होतो. म्हणून आउटपुट मोनोवर ठेवा, फक्त ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकातून एकच वायर काढा आणि अँपवर, मोठ्या आवाजात, ऐका. जे पॅच तिथे टिकतील तेच मैदानावर न्या.

मोठ्या मैदानात आवाज भिंतीवरून, शामियान्यावरून परत येतो, म्हणजे निसर्गाने आधीच थोडं मॉड्युलेशन केलेलं असतं. घरच्या सेटिंगमधून डेप्थ आणि मिक्स दोन्ही एक तृतीयांश कमी करून निघा. बास आणि ढोल वाजत असताना पॅच चालू-बंद करून पातळी सारखी राहते का बघा.

मग सेव्हचं बटण दाबा, दोनदा. कित्येक मशीनवर पहिल्यांदा दाबल्यावर ते फक्त ‘कुठे?’ असं विचारतं. ते न वाचता मी एकदा पॅच बदलला आणि अख्ख्या दुपारची मेहनत दुसऱ्या नंबरावर पाय पडताच पुसली गेली.