टेक्निकल युनिव्हर्सिटीत नेपथ्य आणि वेशभूषा शिकवायला येणाऱ्यांसाठी

नागपुरात एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत मी नेपथ्य आणि वेशभूषा हा ऐच्छिक विषय शिकवते. वर्गात आर्किटेक्चर, सिव्हिल, मेकॅनिकल, टेक्स्टाइल अशी सगळी मुलं असतात. या कामात येऊ पाहणारे तरुण नेपथ्यकार भेटले की बहुतेकांच्या मनात एकच शंका असते: या मुलांना नाटकातलं काय कळणार? नाटकं फारशी पाहिलेली नसतात, हे खरं. पण त्यांना मोजमाप घेता येतं, छेद म्हणजे उभा कापून दाखवलेला आराखडा काढता येतो, वजन कुठून कुठे उतरतं ते कळतं. नाट्यशास्त्राच्या वर्गात हे शिकवण्यात अर्धं वर्ष जातं. इथे आपलं काम वेगळं आहे. त्यांची रेघ नटाच्या अंगापर्यंत आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यापर्यंत पोचवायची.

पात्रतेचं थोडक्यात. यूजीसी नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, परफॉर्मिंग आर्ट आणि व्हिज्युअल आर्ट हे वेगवेगळे विषय आहेत. तुमची पदव्युत्तर पदवी ज्यातली आहे, त्यातूनच बसा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून किंवा पुण्याच्या ललित कला केंद्रातून आलेल्यांना पाया असतो. पण टेक्निकल संस्थेत मुलाखत घेणारे बहुधा नाटकवाले नसतात. त्यांच्यासमोर फोटोंचा ढीग टाकू नका. एकाच नाटकाचा मजला-आराखडा, छेद, मॉडेल, खर्चाचा तक्ता आणि प्रयोगाचे फोटो ओळीने दाखवा. ती भाषा त्यांना लगेच समजते.

पहिला मोठा धडा मी दृष्टिरेषांचा, म्हणजे कुठल्या खुर्चीतून काय दिसतं याचा घेते आणि तो नाट्यगृहातच घेते. वसंतराव देशपांडे सभागृह, सायंटिफिक, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, जिथे परवानगी मिळेल तिथे. प्रत्येक रंगमंचाची रुंदी, खोली आणि झालरीची (रंगमंचावर वर आडव्या टांगलेल्या कापडाची) उंची मुलांनी टेप लावून स्वतः घ्यायची. मग नाटकासाठी वऱ्हाडातला एक जुना वाडा रचायला देते. जवळजवळ प्रत्येक गट मागच्या बाजूला चार फुटी लेव्हल (उंच चौथरा) टाकून माडी उभी करतो. मॉडेलमध्ये ती देखणी दिसते. मग मी छेदावर बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीतून झालरीच्या खालच्या काठाला टेकून एक सरळ रेघ मागे न्यायला सांगते. ती रेघ माडीवर उभ्या असलेल्या नटाच्या छातीतून जाते. म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाला त्या माडीवरचा नट फक्त छातीखाली दिसणार, चेहरा नाहीच. हे मी तोंडाने सांगत नाही, रेघ ओढू देते. त्यानंतर वर्गाचं वागणंच बदलतं. पुढच्या आराखड्यांत मुलं आधी खुर्च्या काढतात, मग भिंती.

सिव्हिलच्या मुलांचा एक ठरलेला गैरसमज असतो. लेव्हलचा हिशेब ते त्यावर माणसं नुसती उभी आहेत असं धरून करतात. नट उडी मारतो, लेझीम खेळतो, दहा जण एका ठेक्यावर पाय आपटतात. हा हलता भार धरायला लावा, तिरके टेकू लावायला लावा. आणि सेट सुटा झाला पाहिजे. आठ बाय चार फुटांचा फ्लॅट (भिंतीसाठीची चौकट) छोटा हत्तीत आडवा टाकला तर मागून बाहेर येतो. राज्य नाट्य स्पर्धेत तर ठरलेल्या वेळेत लावायचा आणि उतरवायचा असतो. लकडगंजला लाकूड निवडायला मुलांना घेऊन जा. ओला बॅटन (लाकडी पट्टी) नागपूरच्या उन्हात आठवड्यात पिळतो, हे तिथला मिस्त्री जितक्या नीट सांगेल तितकं पुस्तक सांगणार नाही.

वेशभूषा वेगळी शिकवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अनेक ठिकाणी नेपथ्य एका सत्रात आणि कपडे दुसऱ्या सत्रात असतात, आणि मुलांना वाटतं की दोन्हींचा संबंध नाही. मी वाड्याचाच जिना पुढे चालवते. पायरी किती उंच घ्यायची? काष्ट्याचं नऊवारी नेसलेली नटी सात इंचाची पायरी धावत चढते. जमिनीला टेकणारा घेर असला की तीच पायरी पायात अडकते. वर्गात मांजरपाटाचं नऊ वार कापड ठेवते, मुलं-मुली सगळे नेसतात आणि वर्कशॉपमधल्या खोक्यांवर चढून-उतरून बघतात. पायरीचं माप तिथे ठरतं.

रंगाचंही तसंच. गांधीबागेतून आणलेलं हिरवं लुगडं लाल जेलखाली (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाखाली) धरलं की काळपट दिसतं, कारण लाल प्रकाशात हिरव्याला परत फेकायला काही उरतच नाही. हे भौतिकशास्त्र या मुलांना तोंडपाठ असतं, डोळ्यांनी मात्र पहिल्यांदाच दिसतं. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या एलईडीच्या पांढऱ्यात पिवळा फिका पडतो आणि चेहरे आजारी वाटतात, तेही दाखवा. कापड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करायचं नाही, तुकडा आणून दिव्याखाली बघायचा. खरेदीला निघण्याआधी एवढं पक्कं करून घ्या.

हिवाळ्यात जमलं तर मुलांना पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं एखादं नाटक दाखवा. वडसा हे तिथल्या मंडळींचं केंद्र. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात रंगवलेले पडदे झरझर बदलताना पाहिले की कमी साहित्यात जागा कशी बदलते ते उमगतं. याला मी सहल म्हणत नाही, अभ्यासक्रमाचा भागच मानते.

गुणांकनाबद्दल विभागाशी आधीच बोलून घ्या. ज्युरीला, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांना, सुंदर रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं) आवडतात. मी अर्धे गुण प्रत्यक्ष बांधलेल्या एका कोपऱ्याला आणि एका पात्राच्या पूर्ण पोशाखाला ठेवून घेतले आहेत. ज्युरीत एक नट बसवते. तो पोशाख अंगात घालून बसतो, वाकतो, हात वर करतो. काखेत फाटलं तर रेखाटन कितीही छान असो, गुण जातात.

तासिका तत्त्वावर येत असाल तर वर्कशॉपचे आणि नाट्यगृहातले तास मोजले जाणार का, हे नेमणुकीपूर्वी लेखी घ्या. या विषयात खरं काम तिथेच होतं आणि वेळापत्रकात नेमकं तेच दिसत नाही. शिवाय सलग चार तासांचा स्लॉट मागा, शनिवारी मिळाला तरी चालेल. पन्नास मिनिटांच्या तासाला कापड पसरून घडी घालण्यातच वेळ संपतो.