कंपनीत स्फोट झाला तर माणसांसाठी काय तयार ठेवायचं, आमची यादी

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, परत २३ मे २०२४ ला झाला, आणि दुसऱ्या वेळी काही जणांची ओळख डीएनए टेस्ट करून पटवावी लागली. मी अशाच एका छोट्या केमिकल युनिटमध्ये एचआर आणि वेल्फेअर बघते. आमच्याकडे हायड्रंट, फायर एक्स्टिंग्विशर, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक सगळं होतं, पण आत्ता या मिनिटाला आत कोण कोण आहे असं कोणी विचारलं असतं तर मला खरंच सांगता आलं नसतं, आणि त्याच भीतीतून ही यादी झालीय.

सगळ्यात आधी गेटवरची नावं. मस्टरवर कंपनीची माणसं असतात, ठेकेदाराची असतातच असं नाही, आणि टँकरचा ड्रायव्हर, त्याचा क्लीनर, कँटीनचा पोरगा, एसी रिपेअरवाला, एक दिवसासाठी आलेला वेल्डर हे तर कुठेच नसतात. म्हणून गेटवर एकच रजिस्टर ठेवा, आत येणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा ("राजू, मुकादमाचा माणूस" असं चालणार नाही), आणि दर शिफ्टला त्या पानाचा फोटो काढून कंपनीबाहेर राहणाऱ्या दोघांना पाठवा, कारण सिक्युरिटी केबिन गेली की रजिस्टर पण गेलं. मॉक ड्रिल करताना असेंब्ली पॉइंटवर (बाहेर पडून सगळ्यांनी जमायची जागा) याच पानावरून एकेकाचं नाव घेऊन हजेरी घ्या, नुसती डोकी मोजू नका. आणि एकदा तरी रात्रपाळीत करा, दिवसा सगळ्यांना जमतं.

मग घरच्यांचे नंबर. इथे आम्ही सगळ्यात जास्त चुकलो होतो, फॉर्मवर बऱ्याच जणांनी इमर्जन्सी नंबर म्हणून रूम पार्टनरचा दिला होता आणि तो रूम पार्टनर त्याच शिफ्टला! बिहार, यूपी, झारखंडवरून आलेल्या माणसाचा गावाकडचा नंबर घ्या, जमलं तर दोन, गाव, जिल्हा, पोलीस ठाणं कुठलं ते लिहा, घरी कोणती भाषा बोलतात ते पण लिहा. रक्तगट आणि चालू असलेली औषधं त्याच पानावर. ही माहिती खाजगी आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायची नाही, दोघातिघांकडेच ठेवायची.

फोन कोण करणार हे आजच ठरवा. त्या दिवशी ठरवायला गेलात तर जो समोर दिसेल त्याच्या हातात फोन दिला जातो आणि तो बिचारा स्वतःच थरथरत असतो. आमच्याकडे चार जणांची नावं ठरली आहेत, दोघं हिंदी चांगलं बोलणारे, दोन तासांनी जोडी बदलायची. माहिती नसेल तर "अजून कळलं नाही, एक तासाने मी परत फोन करतो" एवढंच सांगायचं आणि तासाने खरंच करायचा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. मृत्यूची बातमी शक्यतो फोनवर द्यायची नाही, घर जवळ असेल तर दोघांनी जायचं. जखमींना वेगवेगळ्या हॉस्पिटलांत नेतात, म्हणून प्रत्येक हॉस्पिटलला आपला एक माणूस हवा, त्याच्याकडे रोख पैसे, चार्जर आणि यादीची कॉपी हवी. आणि गेटबाहेर जे नातेवाईक धावत येतात त्यांच्यासाठी सावलीची जागा, पाणी, टॉयलेट आणि माहिती सांगणारा एकच माणूस, बाईट घेणाऱ्या कॅमेऱ्यांपासून लांब.

कागद आधीच करून ठेवा. पीएफचं नॉमिनेशन प्रत्येकाचं भरलेलं आहे का बघा, कारण पीएफ सभासद नोकरीत असताना गेला तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख घरच्यांना मिळतात आणि नॉमिनेशन नसेल तर तेच घर कागदांसाठी खेटे घालत बसतं. ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा) कामावरच्या अपघातात मृत्यू झाला तर वारसांना पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने दरमहा पैसे मिळतात, अंत्यविधीला १५,००० मिळतात, पण तेवढ्यात मृतदेह गावाकडे जात नाही, तेव्हा तो खर्च कंपनीने वेगळा काढून ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "तो ठेकेदाराचा माणूस होता" हे वाक्य कोणाच्याही तोंडून येता कामा नये, नुकसानभरपाई आधी मूळ मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची असं कायदाच सांगतो.

लॉकरमधल्या वस्तू. डबा, चपला, बॅग, देवाचा फोटो, सगळं नाव लावून पिशवीत ठेवायचं, सफाईत टाकून द्यायचं नाही, घरच्यांना सही घेऊन हातात द्यायचं. याला पैसे लागत नाहीत तरी बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आता जी माणसं वाचली त्यांच्याबद्दल. पहिल्या दिवशी त्यांना झोपायला जागा, जेवण, घरी फोन आणि एक उत्तर लागतं, की कंपनी बंद राहिली तर पगार मिळणार का. ते उत्तर मालकाकडून आजच लेखी घेऊन ठेवा. सगळ्यांना गोल बसवून "काय बघितलंस ते सांग" असं करू नका, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) पण अशा जबरदस्तीच्या एका बैठकीला नको म्हणते, ज्याला बोलायचंय त्याचं शांतपणे ऐका, बाकीच्यांना टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या, तो फुकट आहे. झोप न येणं, वाफेचा व्हॉल्व्ह सुटला तरी दचकणं, हे पहिले काही आठवडे होतं. महिनाभराने पण तसंच असेल तर डॉक्टरकडे स्वतः सोबत घेऊन जा. प्लांट परत सुरू करण्याआधी एकदा मशीन बंद असताना सगळ्यांना आत फिरवून आणा, आणि ज्याला त्याच रिॲक्टरजवळ उभं राहवत नाही त्याला दुसरं काम द्या, पगार न कापता. फोन करणारे चार जण, हॉस्पिटलला बसलेला माणूस आणि गेटवरचा वॉचमन, यांना पण सुट्टी द्या, ते स्वतःहून मागत नाहीत.