डॉमिनेशनमध्ये तिसऱ्या झेंड्याचा मोह कधी धरावा?

कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल या खेळातील डॉमिनेशन हा प्रकार वरवर सोपा वाटतो. नकाशावर ए, बी आणि सी असे तीन झेंडे असतात, पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ ते ताब्यात घेण्यासाठी भिडतात आणि ठरलेली गुणसंख्या आधी गाठणारा संघ जिंकतो. हा प्रकार या मालिकेत किमान 2007 सालच्या ‘मॉडर्न वॉरफेअर’पासून आहे आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मोबाईल आवृत्तीनेही तोच साचा ठेवला. तरीही सोलापुरात अशोक चौकातल्या किंवा जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरात पाच मित्र एकत्र बसून खेळतात तेव्हा बहुतेकांचे लक्ष झेंड्यांपेक्षा आपण किती जणांना मारले या आकड्यावरच असते आणि सामना तिथेच हातचा जातो. त्यातही ज्यांची सवय बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकेल अशा प्रकारचे सामने, खेळून घडली आहे, त्यांना लपून राहणे आणि शेवटपर्यंत जिवंत उरणे हेच कौशल्य वाटते. येथे मेलेला खेळाडू काही क्षणांत परत येतो, त्यामुळे नुसते जिवंत राहण्याला फारशी किंमत नाही.

गुण मिळतात ते झेंडा ताब्यात असल्याबद्दल. या मालिकेतील रूढ नियमानुसार ताब्यातील प्रत्येक झेंड्यामागे दर 5 सेकंदांनी 1 गुण जमा होतो. शत्रूला मारल्याने संघाच्या गुणांत थेट काहीही भर पडत नाही. यंत्रमागावर मजुरी तयार मालावर मिळते, दिवसभरात किती तुटलेले धागे जोडले याचा हिशेब कोणी वेगळा देत नाही. येथे मारामारीचे स्थान तेच आहे. ती टाळता येत नाही, पण ती कशासाठी चालली आहे हे विसरून चालत नाही.

झेंडा घ्यायचा म्हणजे त्याच्याभोवतीच्या आखलेल्या जागेत उभे राहायचे. एकट्याला काही सेकंद लागतात आणि सोबत आणखी कोणी उभे राहिले की काम लवकर होते. त्या जागेत शत्रूचा एकही खेळाडू शिरला, तर ताबा घेण्याची क्रिया थांबते. म्हणूनच बी झेंडा जात असताना आपला एकच खेळाडू जवळ असला, तरी त्याने आडोसा धरून त्या जागेच्या कडेला पाय ठेवावा. त्याला कोणाला मारता आले नाही तरी चालेल, कारण मागून येणाऱ्या साथीदारांना त्याने मिळवून दिलेले क्षण पुरतात.

सामना सुरू होताच आपल्या बाजूचा झेंडा, म्हणजे ए किंवा सी, एकाच खेळाडूने घ्यावा आणि उरलेल्या चौघांनी थेट बीकडे निघावे. कोणी थांबायचे हे लॉबीतच, म्हणजे सामन्याआधी सगळे जमतात तेथेच, ठरवून ठेवावे, नाहीतर पाचही जण घरच्या झेंड्यावर उभे राहतात आणि त्यानंतर ‘काय बे, तू गेला नाहीस का’ यावर वाद सुरू होतो. न्यूकटाउनसारख्या लहान नकाशात, जेथे समोरासमोरच्या दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बी आहे, तेथे पहिले काही सेकंद ग्रेनेडचा मारा होणारच, हे गृहीत धरून हवेतच ग्रेनेड निकामी करणारी ट्रॉफी सिस्टीम एकाने तरी सोबत ठेवावी आणि दुसऱ्याने धुराचा ग्रेनेड घ्यावा. बीच्या जागेत दोघांनीच उभे राहावे. तिसऱ्या व चौथ्या खेळाडूने बाहेर राहून शत्रूच्या येण्याच्या वाटांवर बंदूक रोखून धरणे अधिक उपयोगाचे असते, कारण चौघेही एका जागी दाटले तर एकाच स्फोटात सगळे जातात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे स्पॉन. मेलेला खेळाडू कोठे परत येईल हे खेळ ठरवतो, आणि ते ठरवताना कोणते झेंडे कोणाकडे आहेत व कोणत्या भागात कोणाचे खेळाडू आहेत याचा परिणाम होतो. आपल्याकडे ए आणि बी असतील, तर शत्रू साधारणपणे सीच्या बाजूने येत राहतो आणि आपल्याला एकाच दिशेकडे लक्ष द्यावे लागते. अशा वेळी उत्साहाच्या भरात आपल्यातले तिघे-चौघे सीपर्यंत धावत गेले की शत्रूला परत येण्यासाठी तेथे जागा राहत नाही, तो नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्या रिकाम्या एजवळ उगवतो, आणि मिनिटभरात सगळी मांडणी उलटते. म्हणून एका शांत स्वभावाच्या खेळाडूने घरच्या झेंड्याच्या आसपासच राहावे. खेळाडू त्याला अँकर म्हणतात. सामन्याअखेरच्या तक्त्यावर त्याचे नाव बहुधा खाली दिसते आणि त्याची थट्टाही होते, परंतु माझ्या मते संघातला सर्वांत समजूतदार खेळाडू याच जागी हवा.

मग तिसरा झेंडा कधीच घेऊ नये का? याचे उत्तर गणितात आहे. दोन झेंडे आपल्याकडे आणि एक शत्रूकडे, अशी स्थिती टिकली तर शत्रूला 1 गुण मिळेपर्यंत आपल्याला 2 मिळतात. मर्यादा 200 गुणांची धरली, तर सुरुवातीपासून दोन झेंडे राखणारा संघ 500 सेकंदांत, म्हणजे 8 मिनिटे 20 सेकंदांत, ती गाठतो आणि तोवर समोरचा 100 च्या आसपास असतो. मर्यादा सामन्याच्या प्रकारानुसार बदलू शकते, ती आधी पाहून घ्यावी. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. शत्रूला जिंकण्यासाठी उरलेल्या गुणांची दुप्पट करावी आणि ती आपल्याला उरलेल्या गुणांपेक्षा जास्त असेल, तर दोन झेंड्यांवर थांबावे. समजा शत्रू 180 वर आहे आणि आपण 170 वर आहोत. शत्रूला 20 गुण हवेत, त्यांची दुप्पट 40 होते आणि आपल्याला 30 च हवेत. अशा वेळी सीकडे धावणे म्हणजे जिंकत आलेला सामना उधळून देणे होय. पण आपण 150 वरच असलो, तर आपल्याला 50 गुण हवेत आणि दोन झेंड्यांनी तेवढे वेळेत जमणार नाहीत. तेव्हा तिसऱ्या झेंड्यावर चाल करावीच लागते, कारण तो हाती आला की शत्रूचे गुण वाढणेच थांबते. ही चाल तिघांनी मिळून, शत्रूचे दोन-तीन खेळाडू नुकतेच मेलेले असताना करावी. एकेकट्याने जाण्यात काही अर्थ नाही.

शत्रू कोठून येत आहे हे नकाशावर दाखवणारे यूएव्ही, म्हणजे खेळातले टेहळणी विमान, या कामी फार उपयोगी पडते आणि झेंडा घेतल्याबद्दल मिळणारे वैयक्तिक गुणही ते मिळवायला उपयोगी ठरतात.

बोलण्याविषयी थोडेसे. सोलापुरातल्या संघात एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या घरी कन्नड आणि तिसऱ्याच्या घरी मराठी असणे नेहमीचे आहे आणि गडबडीत प्रत्येकाच्या तोंडून स्वतःच्या घरची भाषाच बाहेर पडते. म्हणून ‘बीवर दोन’, ‘ए चालला’, ‘मागून एक’ अशी मोजकी वाक्ये आधीच ठरवावीत. आपल्याला कोणी मारले यापेक्षा तो कोठे उभा होता एवढेच सांगावे. सगळे एकाच खोलीत बसले असतील तर माइक बंद ठेवावेत, नाहीतर आवाज घुमतो आणि शत्रूच्या पावलांचा आवाज त्यात बुडून जातो.

एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, दुपारी खेळताना फोन तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो. चित्र अडखळू लागले की नेमही चुकतो. कव्हर काढून ठेवावे, चार्जिंग चालू असताना खेळू नये आणि ग्राफिक्सची पातळी खाली आणून फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, शक्य तेवढा वर ठेवावा.

नवा नकाशा आला की थेट रँक, म्हणजे आपला दर्जा ठरवणाऱ्या, सामन्यात उतरण्यापूर्वी मित्रांसोबत खाजगी रूम उघडून त्यात एकदा फिरून यावे. प्रत्येक झेंड्याच्या जागेची कड कोठपर्यंत आहे, त्या कडेवर आडोसा कोठे मिळतो आणि घरच्या झेंड्यापासून बीपर्यंत जाण्याच्या वाटा किती आहेत, एवढे पाहून घेतले तरी पुरते. त्यानंतर आपल्यातल्या एकाने सीजवळ उभे राहावे आणि दुसऱ्या बाजूला असलेल्या मित्राला मुद्दाम मारून तो कोठे परत येतो ते पाहावे. मग तेच सीपासून दूर उभे राहून पुन्हा करावे. दोन्ही वेळा मित्राने आपली जागा मोठ्याने सांगितली की अँकरने नेमके कोठे उभे राहायचे हे त्या नकाशापुरते ठरवता येते.